स्वस्तात मिळालेले किंग एअर: सी ९० च्या एका खरेदीचे प्रकरण

अमेरिकेतल्या जुन्या विमानांच्या बाजारात १९७०-८० च्या दशकांतली दोन इंजिनांची टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनाने प्रोपेलर फिरवणारी) विमाने आजच्या नव्या एका इंजिनाच्या टर्बोप्रॉपच्या किमतीच्या अगदी लहान हिश्श्यात मिळतात. ती स्वस्त असतात, कारण ती चालवणे महाग असते. हे वाक्य खरेदीदाराला पाठ असते. तरी करार करताना त्याची नजर मागितलेल्या किमतीवर आणि इंजिनाच्या तासांवरच खिळते. या प्रकरणात नेमके तेच झाले. माणूस आणि विमान दोन्ही नमुन्यादाखल घेतली आहेत, किमती हिशेबासाठी गोल केल्या आहेत. नियम, मर्यादा आणि यंत्रातले दोष मात्र जसे असतात तसेच आहेत.

खरेदीदार ओहायोतला उद्योजक. एकूण उड्डाण १,९०० तास, त्यातले ६०० पिस्टनच्या दोन इंजिनी विमानावर. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचे न दिसता केवळ उपकरणांवर उडवण्याचा परवाना) आहे, टर्बाइनचा अनुभव शून्य. कोलंबसहून कधी अटलांटा (सुमारे ३९० नॉटिकल मैल), कधी मिनियापोलिस (सुमारे ५४५), बरोबर तीन माणसे. वर्षाला शंभरेक तास.

बीचक्राफ्टच्या किंग एअर सी ९० ची निवड चुकीची नव्हती. या विमानाचे कमाल उड्डाण-वजन ९,६५० पौंड, म्हणजे १२,५०० पौंडांच्या आत. त्यामुळे अमेरिकेत वेगळे टाइप रेटिंग (त्या एका प्रकारच्या विमानापुरता खास परवाना) लागत नाही आणि एकट्या वैमानिकाला ते उडवता येते. सेवा-उंची २५,००० फुटांच्या वर असल्याने उच्च उंचीवरच्या प्रेशराइज्ड (केबिनमध्ये हवेचा दाब राखणाऱ्या) विमानाचे प्रशिक्षण आणि लॉगबुकात प्रशिक्षकाची तशी नोंद मात्र हवी. पीटी६ए-२१ इंजिने प्रत्येकी ५५० अश्वशक्तीची. सुटे भाग आणि हे इंजिन ओळखणारे मेकॅनिक जवळजवळ प्रत्येक राज्यात सापडतात. चार दशकांहून जुन्या विमानाच्या बाबतीत हा मुद्दा वेगापेक्षा मोठा.

वजनाचा हिशेब त्याने कागदावर केला होता, आणि बरोबर केला होता. रिकामे वजन ६,५०० पौंड धरले तर ३,१५० उरतात. ३८४ गॅलनच्या भरलेल्या टाक्या म्हणजे गॅलनला ६.७ पौंड धरून २,५७३ पौंड. माणसे आणि सामानाला उरले ५७७. चार प्रौढ आणि बॅगा ९०० पौंड धरल्या तर इंधन ३३६ गॅलनवर आणावे लागते. पहिल्या तासाला शंभर, पुढे तासाला ऐंशी गॅलन, शेवटी पाऊण तासाचा राखीव साठा असे धरले की वाऱ्याविना साडेसहाशे मैल होतात. अटलांटा आरामात. मिनियापोलिसला जाताना हिवाळ्यात ६० नॉट समोरचा वारा लागला की वाटेत एकदा उतरावे लागणार. त्याने हे मान्य केले. इथवर सगळे ठीक होते.

दोन विमाने

शेवटी यादीत दोनच उरली. दोन्ही १९७९ ची.

पहिल्याचे ६ लाख २० हजार डॉलर. हॉट सेक्शन (इंजिनाच्या गरम भागांची तपासणी-दुरुस्ती) नुकतेच झालेले, प्रोपेलर दोन वर्षांपूर्वी ओव्हरहॉल केलेले (पूर्ण उकलून दुरुस्त केलेले), लँडिंग गिअर (चाकांची यंत्रणा) मागच्या वर्षी. नोंदी पहिल्या दिवसापासून सलग.

दुसऱ्याचे ५ लाख २५ हजार. ओव्हरहॉलनंतर इंजिने १,६५० तास चाललेली. या इंजिनाचा ओव्हरहॉलचा शिफारस केलेला टप्पा ३,६०० तासांचा, म्हणून जाहिरातीत ‘अर्ध्याहून जास्त आयुष्य शिल्लक’ असे लिहिले होते. खोटे काही नव्हते. पण हॉट सेक्शनची तपासणी १,८०० तासांना येते, म्हणजे दीडशे तासांत. प्रोपेलर ओव्हरहॉल होऊन सात वर्षे झालेली, गिअरला साडेपाच. आणि विमान चौदा महिने फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उभे होते.

खरेदीदाराने दुसरे निवडले. ९५ हजारांचा फरक त्याला उघड दिसत होता.

कॅलेंडर

पिस्टन विमानातून आलेल्या माणसाला तासांचा हिशेब अंगवळणी पडलेला असतो. टर्बोप्रॉपमध्ये तासांच्या जोडीला तारखा धावतात, आणि वर्षाला शंभर तास उडवणाऱ्याला त्याच आधी गाठतात. किंग एअरच्या तपासण्या चार फेजमध्ये वाटलेल्या असतात, दर २०० तासांनी एक. पण चारही २४ महिन्यांत पुऱ्या व्हाव्या लागतात. शंभर तासांच्या हिशेबाने पाहिले तर दोन वर्षांत एकच फेज भरेल. तारीख मात्र चारही मागते. गिअरचा ओव्हरहॉल सहा वर्षांनी किंवा ठरलेल्या लँडिंगच्या संख्येनंतर. प्रोपेलरचा मॉडेलप्रमाणे पाच-सहा वर्षांनी. पंख धडाला जोडणाऱ्या बोल्टांची तपासणी दर पाच वर्षांनी.

इथे पार्ट ९१ (खाजगी उड्डाणांचे अमेरिकन नियम) मधली एक वाट माहीत असावी. खाजगी वापराच्या टर्बाइन विमानाला मालकाने निवडलेला तपासणी-कार्यक्रम पाळावाच लागतो. एअरवर्दिनेस लिमिटेशनमधल्या (उत्पादकाने भागांना घातलेल्या) आयुर्मर्यादा आणि एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (सरकारी सुरक्षा-आदेश) हेही बंधनकारक. ओव्हरहॉलचे टप्पे मात्र खाजगी वापरात बहुतांशी शिफारस मानले जातात. म्हणून सात वर्षांचे प्रोपेलर घेऊन हे विमान कायदेशीरपणे उडत होते. पण विमा कंपनी विचारते, पुढचा खरेदीदार विचारतो, आणि प्रोपेलरच्या हबच्या (मधल्या तुंब्याच्या) आत गंज असेल तर तो नियमपुस्तक वाचत नाही.

खरेदीपूर्व तपासणी

इरादापत्र झाले, अनामत एस्क्रोत (त्रयस्थ संस्थेच्या खात्यात) गेली. तपासणीची कार्यशाळा खरेदीदाराने निवडली आणि त्या विमानावर पूर्वी कधीच काम न केलेली निवडली. हा या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय. करारात कलम होते: विमान उडण्यायोग्य राहण्याच्या आड येणारा दोष विक्रेत्याने दुरुस्त करायचा, बाकीच्यावर बोलणी, आणि खरेदीदाराला कारण न देता माघार घेण्याची मुभा.

पीटी६ इंजिनात हवा मागून शिरते आणि पुढे येते. दहनकक्षाभोवती १४ फ्युएल नॉझल असतात. ते काढले की त्याच छिद्रांतून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घालून कॉम्प्रेसर टर्बाइनची पाती आणि त्यांच्या आधीची व्हेन रिंग (गरम वायूला दिशा देणारे स्थिर कडे) पाहता येते. डावे इंजिन स्वच्छ निघाले. उजव्याचे दोन नॉझल चाचणी-बाकावर इंधनाचा बारीक फवारा न उडवता धार सोडत होते. अशी धार ज्या ठिकाणी जळते तिथे व्हेन रिंगवर डाग पडतो. दोन्ही डाग बरोबर त्या दोन नॉझलांसमोर होते. पात्यांवर सल्फिडेशनचे फोडही होते. इंधनातले गंधक आणि समुद्रावरचे मीठ गरम धातूवर एकत्र आले की हे होते. किनाऱ्यावरच्या विमानाचा कॉम्प्रेसर साध्या शुद्ध पाण्याने वारंवार धुवावा लागतो. उभ्या विमानाचा कोण धुतो?

त्याहून महागाची गोष्ट मेकॅनिकला कागदांत सापडली. पीटी६ मधल्या फिरत्या डिस्कांचे आयुष्य तासांत नसून सायकलींत मोजतात. इंजिन किती वेळा सुरू केले, उड्डाणे किती यांवरून एक सूत्र लावून प्रत्येक डिस्कच्या सायकली निघतात. उजव्या इंजिनाच्या तीन वर्षांच्या सायकली कुणी लिहिल्याच नव्हत्या; फक्त तास होते. अशा डिस्कचे शिल्लक आयुष्य सिद्ध करता येत नाही, आणि जे सिद्ध होत नाही त्याला हॉट सेक्शनच्या कार्यशाळेत किंमत नाही.

बाकी यादी अशी. पंखाच्या पुढच्या खालच्या बोल्टाच्या वॉशरखाली गंज. ताणाचा मोठा भार याच जोडावर असतो, त्यामुळे हा दोष उडण्यायोग्यतेचा. इंधनाच्या दोन रबरी ब्लॅडर (पंखातल्या पिशव्या) झिरपत होत्या. कोरड्या पडलेल्या ब्लॅडरचे रबर कडक होऊन सांध्यात फाटते. उजव्या काचेचे थर कडेला सुटू लागले होते, मात्र काच तापवणारी हीट चालू होती. बॅटरी चाचणीत जेमतेम उत्तीर्ण.

चाचणी-उड्डाणात प्रेशरायझेशन पाहिले. या वयाच्या सी ९० ला आतल्या-बाहेरच्या दाबात ४.६ पीएसआयचा (चौरस इंचाला पौंड) फरक मिळतो, म्हणजे २१,००० फुटांच्या आसपास केबिनमधला दाब ८,००० फुटांवरच्याइतका टिकायला हवा. टिकला. गिअर हाताने खाली घेऊन पाहिले, ऑटोपायलटवर पूर्ण अप्रोच (उतरण्यापूर्वीची वाट) केला, दोन्ही इंजिने समान टॉर्कवर (प्रोपेलर फिरवणाऱ्या जोरावर) ठेवून आयटीटी (टर्बाइनमधले तापमान), एनजी (कॉम्प्रेसरची गती, टक्क्यांत) आणि इंधनप्रवाह यांची तुलना नोंदवली. उजवे त्याच टॉर्कला ठळकपणे गरम चालत होते. बोअरस्कोपने दाखवलेलेच गेजवरही दिसले.

आता बेरीज. उजवे हॉट सेक्शन ७० हजार, डावे ४०, प्रोपेलर २८, गिअर ४५, चारही फेज ३५, ब्लॅडर १४: एकूण २ लाख ३२ हजार डॉलर. बोल्ट आणि ब्लॅडर विक्रेत्याने करून दिले, किंमत ४ लाख ३५ हजारांवर आली. खरेदीदार खूश झाला. पण उरलेले २ लाख १८ हजार पहिल्या दीड वर्षात जाणारच होते. म्हणजे विमान पडले ६ लाख ५३ हजारांना, पहिल्यापेक्षा ३३ हजार जास्त, आणि नोंदींतले भोक तसेच. आमच्या मते तपासणी-अहवाल हातात आला त्या दिवशी माघारीचे कलम वापरायला हवे होते. तपासणीवर झालेला खर्च बुडाला असता, पण तो पुढच्या खर्चाच्या मानाने चिल्लर होता. माणसाचे मन अशा वेळी उलटे चालते: एवढा खर्च केला, आता घेऊनच टाकू.

कागदपत्रे

एफएएची (अमेरिकेच्या विमान-वाहतूक नियामकाची) नोंदणी ओक्लाहोमा सिटीत असते, म्हणून एस्क्रो आणि मालकी-तपास करणाऱ्या बहुतेक संस्थाही तिथेच. विक्रीपत्र आणि नोंदणी-अर्ज हे नेहमीचेच. लक्ष द्यायचे ते इंजिनांकडे. विमानांवरच्या कर्जांच्या नोंदीसाठी २००६ पासून अमेरिकेत लागू असलेल्या केप टाउन करारात ५५० अश्वशक्ती आणि त्यापुढची टर्बाइन इंजिने येतात. पीटी६ए-२१ बरोबर त्या रेषेवर आहे. म्हणून डब्लिनहून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत धडाबरोबर प्रत्येक इंजिनाचा सिरियल नंबर वेगळा तपासावा लागतो. इथे डाव्या इंजिनावर जुन्या कर्जाची नोंद फेडूनही काढलेली नव्हती. ती निघेपर्यंत पैसे एस्क्रोत थांबले. योग्यच.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींपैकी ज्यांच्याकडे पायलट लायसन्स आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे: एन-नोंदणी (अमेरिकेतली विमान-नोंदणी) वैयक्तिक नावावर हवी तर नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावे लागते. एच-१बी वर असलेल्याला स्वतःच्या नावाने विमान नोंदवता येत नाही. नुसती कंपनी काढूनही भागत नाही, कारण अमेरिकन नागरिक ठरायला कंपनीचा अध्यक्ष, दोन-तृतीयांश संचालक आणि ७५ टक्के मतदान-हक्क नागरिकांचे असावे लागतात. मग बहुधा ट्रस्टचा मार्ग उरतो, त्याचा वार्षिक खर्च वेगळा.

कॉकपिटमध्ये

विमा कंपनीच्या अटी: सिम्युलेटर असलेल्या शाळेत पूर्ण प्रारंभिक प्रशिक्षण, त्यानंतर अनुभवी वैमानिकाबरोबर ४० तास, आणि दर वर्षी उजळणी. चाळीस तास त्याला जास्त वाटले. आम्हाला वाटले नाहीत.

इंजिन सुरू करण्याचेच पाहा. पिस्टन इंजिनाची सुरुवात बिघडली तर ते सुरू होत नाही, एवढेच. पीटी६ ची बिघडली तर काही सेकंदांत गरम भाग खलास होतो. क्रम असा: बॅटरी २३ व्होल्टच्या वर आहे ना, इग्निशन आणि स्टार्ट चालू, एनजी १२ टक्क्यांच्या वर स्थिर, मग इंधन सोडणारा कंडिशन लिव्हर लो आयडलला (सर्वांत कमी चालत्या गतीला). दहा सेकंदांत पेट घेतला पाहिजे. आयटीटीची मर्यादा १,०९० अंश सेल्सिअस, तीही दोनच सेकंद. बॅटरी अशक्त असेल तर कॉम्प्रेसर रेंगाळतो, हवा कमी पडते, इंधन तेवढेच येते आणि काटा थांबत नाही. डोळा आयटीटीवर आणि हात लिव्हरवर ठेवायचा; काटा वेगाने चढतोय आणि एनजी मागे पडतोय असे दिसताच इंधन तोडायचे, पण स्टार्टर चालू ठेवायचा, म्हणजे हवा आतली उष्णता बाहेर नेते. स्टार्टरलाही विश्रांती लागते: ४० सेकंद चालू, ६० बंद, पुन्हा ४०, पुन्हा ६०, तिसऱ्यांदा ४०, मग अर्धा तास हात लावायचा नाही.

जानेवारीत, थंडीत रात्रभर बाहेर उभ्या राहिलेल्या विमानावर एनजी १३ ला अडखळला आणि काटा ९०० पार गेला. शेजारी बसलेल्या अनुभवी वैमानिकाने इंधन तोडले. मर्यादा ओलांडली नाही. दुसऱ्या दिवशी बॅटरी बदलली आणि थंडीत ग्राउंड पॉवरशिवाय (जमिनीवरच्या बाहेरच्या विजेशिवाय) इंजिन सुरू करायचे नाही असे ठरले. बॅटरी ‘जेमतेम उत्तीर्ण’ हे अहवालात होतेच.

दुसरी बाब फ्रिक्शन लॉकची. किंग एअरचे पॉवर लिव्हर (इंजिनाचा जोर ठरवणारे दांडे) स्प्रिंगमुळे आयडलकडे ओढले जातात. लिव्हरच्या बुडाशी असलेल्या गोल मुठीने घर्षण आवळले तरच ते जागेवर राहतात. टेकऑफला उजवा हात लिव्हरवरून उचलून गिअरकडे गेला आणि मूठ सैल असेल तर डावा लिव्हर गुपचूप मागे सरकतो. विमान डावीकडे वळू लागते, सगळी लक्षणे इंजिन बंद पडल्याची. ऑटोफेदर (बंद इंजिनाचे प्रोपेलर आपोआप वाऱ्याला समांतर करणारी यंत्रणा) असेल तर तेही निष्क्रिय होते, कारण ते दोन्ही लिव्हर पुढे असतानाच सज्ज असते. या विमानात ते मुळातच नव्हते. म्हणून शिकवण अशी: नाक वळले की आधी दोन्ही लिव्हर पूर्ण पुढे ढकला, मगच कोणते इंजिन गेले ते ठरवा. आणि मूठ टॅक्सीपूर्वीच हाताने आवळून पाहा.

चेकलिस्टचा कंटाळा एकट्या वैमानिकाला लवकर येतो. २१ फेब्रुवारी २०१७ रोजी मेलबर्नच्या एसेंडन विमानतळावरून उडालेले किंग एअर बी२०० काही सेकंदांत शेजारच्या खरेदी-संकुलावर कोसळले, पाच जण गेले. रडर ट्रिम (शेपटीच्या सुकाणूचा कल ठरवणारी जुळणी) पूर्ण डावीकडे राहिले होते. ३० जून २०१९ ला टेक्सासमधल्या ॲडिसनला किंग एअर ३५० च्या अपघातात दहा जण गेले. डाव्या इंजिनाचा जोर का घटला ते एनटीएसबीला (अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकन संस्थेला) ठरवता आले नाही, पण चेकलिस्ट न पाळणे हे सहकारण म्हणून नोंदले गेले.

पहिल्या वर्षाचा ताळेबंद

हँगर १२ हजार, विमा १८, प्रशिक्षण ९, नेव्हिगेशनचा डेटाबेस वगैरे ६, फेज तपासण्या २२, प्रोपेलर आणि गिअरसाठी बाजूला टाकायचे १२. हे ७९ हजार डॉलर विमान हलले नाही तरी जातात. तासाला ८० गॅलन आणि ६ डॉलर दर धरून इंधन ४८० डॉलर, इंजिनांसाठी राखीव २००. अवचित दुरुस्त्या २५ हजार. शंभर तासांना एकूण १ लाख ७२ हजार, म्हणजे तासाला १,७२०. दोनशे तास उडवले आणि दुरुस्त्या ३५ हजार धरल्या तर तासाला १,२५०. साठच तास उडवले, दुरुस्त्या २० हजार, तर २,३०० च्या वर.

हॉट सेक्शनच्या वेळी अंदाज होता तेच झाले: सायकलींची नोंद नसलेली डिस्क कार्यशाळेने परत बसवायला नकार दिला, आणि जुनी पण पूर्ण नोंदींची डिस्क शोधून विकत घ्यावी लागली. त्यात सात आठवडे विमान जमिनीवर राहिले.

उभे राहण्याचीही शिस्त असते. पीटी६ न चालवता ठेवायचे तर ७, २८ आणि ९० दिवसांचे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याला जतन करण्याची तयारी वाढत जाते. नुसते इंजिन जमिनीवर दहा मिनिटे फिरवून समाधान मानणे हा सर्वांत वाईट उपाय. तेल पुरते तापत नाही आणि ओलावा आतच राहतो. उडवायचे तर अर्धा-पाऊण तास उडवावे, नाहीतर झाकणे लावून नियमाने जतन करावे.

दुसऱ्या वर्षी मालकाने तोडगा काढला तो भागीदाराचा. त्याच विमानतळावरचा, वर्षाला ऐंशी तास उडवणारा, टर्बाइन अनुभव असलेला वैमानिक. नोंदणीवर दोघांची नावे. स्थिर खर्च निम्मा-निम्मा, इंधन ज्याचे त्याने, इंजिनांचा राखीव निधी उडवलेल्या तासांप्रमाणे वेगळ्या खात्यात. भाडे घेऊन कुणालाही न्यायचे नाही, कारण ते पार्ट ९१ मध्ये बसत नाही. एकाला बाहेर पडायचे झाले तर हिस्स्याची किंमत कशी काढायची हे करारात आधीच लिहिले आहे: त्या दिवशीचा बाजारभाव, वजा गिअर, प्रोपेलर आणि हॉट सेक्शनचा त्या तारखेपर्यंत वापरला गेलेला भाग. विमान विकत घेताना हेच सूत्र दोन्ही जाहिरातींना लावले असते तर ६ लाख २० हजारांचे विमान हँगरमध्ये आले असते.